मेराज, मंगळ आणि मराठवाडा

१९२८ सालची गोष्ट. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, ‘साइन्स’ नावाचे एक उर्दू त्रैमासिक निघू लागले. पदार्थविज्ञान, रसायन, खगोल असले विषय साध्या वाचकाला त्याच्या भाषेत उलगडून सांगावेत, एवढाच त्याचा मनसुबा. ते काढणारी संस्था अंजुमन तरक्की-ए-उर्दू आणि तिचे चिटणीस मौलवी अब्दुल हक. मूळचे हापुडकडचे हे गृहस्थ निजामाच्या शिक्षणखात्यात नोकरीस लागले, औरंगाबादेस शाळातपासनीस म्हणून आले नि पुढे तेथील कॉलेजचे प्राचार्य झाले. संस्थेचे दप्तर त्यांच्या मागोमाग औरंगाबादेस आले आणि १९३८ च्या सुमारास दिल्लीस हलेपर्यंत तेथेच राहिले.

आता गंमत अशी, की हीच संस्था १९२१ पासून ‘उर्दू’ नावाचे आणखी एक त्रैमासिक चालवीत होती आणि त्याची वाट अगदी निराळी होती. जुन्या दखनी काव्याच्या, सूफी फकिरांच्या वाळवी लागलेल्या पोथ्या मिळवायच्या, त्यांतली अडलेली अक्षरे लावायची नि लोकांपुढे ठेवायची, हा संस्थेचा दुसरा उद्योग. उर्दू भाषेची पहिली मशागत सूफी साधूंनी कशी केली, ह्यावर मौलवीसाहेबांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. म्हणजे एकाच छताखाली ईश्वरप्रेमाने वेडावलेल्या फकिरांची पदे तपासली जात होती आणि विजेचे नि ताऱ्यांचे गणितही मांडले जात होते. त्यात काही विसंगत आहे असे त्या मंडळींना वाटले नाही.

आज मात्र आपल्याला तसे वाटते. इस्लामी भक्तिकाव्य म्हटले की ते एका मोहल्ल्याचे, विज्ञानकादंबरी म्हटली की ती इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोराची, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे. एकाच माणसाला दोन्हींचे वेड असले तर त्याला विक्षिप्त म्हणून मोकळे होतो. वस्तुतः आम्हा मराठवाड्याच्या लोकांना ह्या जोडीचे नवल वाटण्याचे कारण नाही. ती आमच्याच घरातली आहे. दिवाळीच्या निमित्ताने घरातले जुने सामान उन्हात घालतात, तशी ही जोडी जरा बाहेर काढून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा उद्देश.

प्रथम भक्तिकाव्याकडे वळू. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने दिल्लीची वस्ती दौलताबादेस हलविली, तेव्हा त्या लोंढ्यात सरदारांबरोबर चिश्ती पंथाचे साधूही दक्षिणेत आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब खुलताबादेस राहिले आणि १३३७ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. निजामुद्दीनांच्या बैठकीतील संवाद ज्याने टिपून ठेवले, तो कवी अमीर हसन सिज्झी हाही खुलताबादच्याच मातीत विसावला आहे. आमच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. सय्याह म्हणजे प्रवासी, मुशाफिर. किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने आपल्या सर्वांत मोठ्या साधूस मुशाफिराच्या नावाने ओळखावे, हे मला नेहमीच सूचक वाटत आले आहे. लातूर शहरात सुरत शहावलींचा दर्गा आहे. त्या वाटेने जाणारा माणूस कोणत्याही जातीचा असो, पावलापुरता थबकतो, हात छातीशी नेतो नि पुढे जातो.

पण नांदेडची खरी नवलाई निराळीच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडास होते. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी येथेच, गोदावरीच्या तीरी, ह्यापुढे ग्रंथालाच गुरू मानावे अशी आज्ञा केली. त्या गुरू ग्रंथसाहेबात बाबा शेख फरीद यांची ४ पदे आणि ११२ श्लोक आहेत, आणि आमच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी नांदेडहून काही फार दूर नाही. आज ती हिंगोली जिल्ह्यात मोडते. आणि शेख फरीद कोण? परंपरेने मानलेले हे पाकपट्टणचे फरीद म्हणजे निजामुद्दीन औलियांचे गुरू. अर्थात खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीनांचे आजेगुरू. एकाच साधूची वाणी मराठवाड्यात दोन वाटांनी आली. दिल्लीवाल्यांच्या काफिल्याबरोबर ती खुलताबादेस उतरली आणि जवळपास चारशे वर्षांनी पंजाबी गुरूंच्या ग्रंथातून नांदेडच्या घाटावर आली. येथे भल्या पहाटे कीर्तनात फरीदांचे बोल उठतात, तेव्हा एका मुसलमान साधूचे काव्य शीख रागी गातो आणि बाहेर रिक्षा लावून बसलेला मराठी माणूस ते ऐकतो. ह्यापेक्षा अधिक सहज अशी देवाणघेवाण मला तरी ठाऊक नाही.

मराठीतही ह्या काव्याचा तोटा नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. बिदरचे शाह मुंतोजी, ज्यांना बहामनी घराण्यातले मानतात, त्यांनी ‘सिद्धसंकेतप्रबंध’ रचला आणि ‘पंचीकरण’ ह्या लहानशा ग्रंथात हिंदू नि मुसलमान परिभाषेची सांगड घातली. जुन्या काळचा तो पारिभाषिक कोशच म्हणा ना! गोदाकाठी शहागडला शाह मुनींची समाधी आहे. त्यांचा ‘सिद्धांतबोध’ खेड्यापाड्यांतून वाचला जाई. ह्या साऱ्या परंपरेचा अभ्यास करण्यात मराठवाडा विद्यापीठातील डॉ. यू. म. पठाण यांनी उभे आयुष्य घालविले. १९९० च्या पुणे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आणि बायकांचे काय? त्यांचे तर सर्वांत गोड. विजापूरकडच्या सूफी घराण्यांतून ‘चक्कीनामे’ रचले गेले. बाई जात्यावर बसली की तिने ते म्हणावेत. जात्याचा खुंटा म्हणजे अल्लाच्या नावातला उभा अलिफ, फिरणारी तळी म्हणजे नामाचा फेरा, अशी त्यांची मांडणी. आमच्या आज्या जात्यावर विठ्ठलाला ओवी घालीत होत्या, तेव्हा पलीकडच्या आळीत दुसरी एक आजी ह्याच घरघरीवर आपल्या रसूलाचे नाव घेत होती. पीठ दोघींचेही ज्वारीचेच.

ह्या काव्याचा एक फार मोठा विषय म्हणजे मेराज. रजब महिन्याच्या एका रात्री प्रेषित महंमद बुराकावर आरूढ होऊन मक्केहून जेरुसलेमला गेले आणि तेथून सात आसमाने ओलांडून ईश्वराच्या सान्निध्यात पोचले, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. दखनी कवींनी ह्यावर ‘मेराजनामे’ लिहिले. सतराव्या शतकातील सय्यद बुलाकीचा मेराजनामा पुष्कळ वाचला जाई. लोकपरंपरेत ह्या कथेला एक सुंदर तपशील जोडलेला आहे. एवढी अफाट सफर करून प्रेषित घरी परतले, तेव्हा दाराची कडी अजून हलत होती आणि अंथरूण अजून उबदार होते! आसमाने उलटून गेली आणि येथे घरी क्षणही पुरता सरला नव्हता.

वाचकहो, ज्याने एखादी तरी विज्ञानकादंबरी वाचली आहे, त्याचे कान येथे टवकारल्याशिवाय राहणार नाहीत.

कारण काळाचे असे ताणणे नि आवळणे हा विज्ञानकथेचा आवडता खेळ. वेल्सचे ‘टाइम मशीन’ १८९५ साली आले. दहा वर्षांनी, १९०५ साली, आइन्स्टाइनने दाखवून दिले, की काळ सर्वांसाठी सारख्या गतीने धावत नाही. एखादे यान प्रकाशाच्या चार पंचमांश वेगाने जाऊन आले आणि पृथ्वीवर मधल्या काळात १० वर्षे लोटली, तर यानातल्या माणसाच्या घड्याळात ६ च वर्षे झालेली असतील. कृष्णविवरासारख्या अतिजड वस्तूजवळ तर घड्याळ आणखी मंदावते. ही केवळ कागदावरची करामत नव्हे. आपल्या खिशातल्या फोनला रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपुढे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद धावतात. हा फरक दुरुस्त केला नाही तर नकाशा पाहून देगलूरला निघालेला माणूस भलत्याच गावी पोचेल.

मी पेशाने शाळामास्तर. शिकलेले सगळे वर्गात उतरवून पाहण्याची आम्हाला खोड. एकदा नववीच्या मुलांना मी एकाच तासात तीन गोष्टी सांगितल्या. पहिली रेवतीची. ककुद्मी राजा लेकीला वर विचारण्यासाठी ब्रह्मलोकी गेला, तेथे गंधर्वांचे गाणे चालले होते म्हणून क्षणभर थांबला आणि परत येऊन पाहतो तो पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटलेली! शेवटी रेवती बलरामाला दिली. दुसरी मेराजची. तिसरी त्या यानाची. पोरे गप्प झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली नि म्हणाली, “सर, रेवतीचं यानासारखंच आहे. पण मेराजमध्ये उलटं आहे. तिथं जाणाऱ्याचा वेळ जास्त गेला आणि घरचा कमी.”

मला ते उत्तर इतके आवडले, की घंटा झालेली कळलीही नाही. धर्मग्रंथात सगळे विज्ञान आधीच लिहून ठेवले आहे, असे सांगणारे शहाणे दोन्ही बाजूंना आहेत. त्या पोरीने एका वाक्यात त्यांची वाट बंद केली. मेराज हा सापेक्षतेचा दाखला नाही, रेवतीही नाही. भक्ताला सांगायचे आहे ते असे, की देवाच्या दारचा काळ आपल्या गजराच्या घड्याळाने मोजू नका. शास्त्रज्ञ सांगतो, घड्याळच मोजा, पण ते कुठे नि किती वेगाने चालले आहे तेही सांगा. दोघांचे म्हणणे भिन्न आहे. परंतु दोघांनाही ऐकताना मुलांचे डोळे सारखेच विस्फारले होते, ही गोष्ट मी शाळामास्तर म्हणून नोंदवून ठेवतो.

तास संपल्यावर दुसरा एक मुलगा माझ्यामागे व्हरांड्यात आला. म्हणाला, “सर, मेराज आमच्या घरी सांगतात. पण शाळेत सांगायची गोष्ट असते ती, हे नव्हतं माहीत.” एवढे बोलून तो पळाला. मुचकुंदाची गुहेतली झोप आपण शाळेत सांगतो. मग कुराणातल्या गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची गोष्ट का सांगू नये? तीत तर गणिताचाही एक छान धडा आहे. ते ३०० वर्षे झोपले आणि त्यावर ९ अधिक, असा तेथे उल्लेख आहे. भाष्यकार म्हणतात, सूर्याची ३०० वर्षे म्हणजेच चंद्राची ३०९. फळ्यावर गुणाकार-भागाकार करून पाहा, हिशेब जमतो.

आता विज्ञानकथेकडे येऊ. मराठीत तिचे पाऊल पडले ते आपण समजतो त्याहून कितीतरी आधी. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ‘चंद्रलोकची सफर’ येऊ लागली. मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची, १८६५ सालची. तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेल्या त्या मंडळींची हकीकत मराठी वाचकाने मोठ्या चवीने वाचली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी अशा रसाळ मराठीत आणल्या, की तो फ्रेंच गृहस्थ पुण्याच्या पेठेतला वाटू लागला.

व्हर्नविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पाण्याखालून जगभर हिंडणारा त्याचा कॅप्टन निमो आपणा सर्वांच्या परिचयाचा. तो कोण, कुठला, हे पहिल्या कादंबरीत कळत नाही. १८७४-७५ सालच्या ‘मिस्टीरियस आयलंड’ मध्ये मात्र उलगडा होतो. निमो हा हिंदुस्थानी निघतो! बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार. आणि व्हर्नच्या कल्पनेप्रमाणे टिपू सुलतानाचा भाचा. इंग्रजांशी लढून हरलेला, दर्याच्या तळाशी ग्रंथालय घेऊन राहणारा हा मानी पुरुष जगातल्या विज्ञानकथेचा पहिल्या पंक्तीतला नायक आहे.

आणि हाच टिपू आपल्याला पुन्हा भेटतो तो कोठे? तर इस्लामी भक्तिकाव्याच्या शिखरावर. महंमद इक्बालांचे ‘जावेदनामा’ हे फारसी महाकाव्य १९३२ साली प्रसिद्ध झाले. मेराजचाच धागा धरून कवी मौलाना रूमीला वाटाड्या करतो आणि आकाशात निघतो. चंद्रावर त्याला एका गुहेत विश्वामित्र भेटतात. बुध, शुक्र ओलांडून तो मंगळावर येतो. तेथे दुर्बिणीशी रमलेला एक म्हातारा खगोलशास्त्री त्याला मरगदीन नावाचे नगर दाखवितो. त्या नगरात कोणी उपाशी नाही, कोणी याचक नाही, नाण्याची हाव नाही. गुरूवर मन्सूर हल्लाज आणि गालिब भेटतात. शनीवर देशद्रोही खितपत पडलेले दिसतात. त्याही पलीकडे, स्वर्गात, भर्तृहरी आणि टिपू सुलतान! इक्बालांच्या राजकारणाविषयी ज्याचे त्याचे मत असेल. पण भक्तिकाव्य आणि विज्ञानकथा ह्यांच्यामध्ये भिंत आहे असे मानणाऱ्याने हा मंगळाचा भाग जरूर पाहावा. देवाच्या शोधात निघालेला कवी मंगळावर थांबतो नि तेथल्या वस्तीची व्यवस्था कशी आहे, ते चौकशी करकरून विचारतो. ही तर अस्सल विज्ञानकादंबरीकाराची सवय!

त्याही आधी, १९०५ साली, बंगालच्या बेगम रुकय्या यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. त्या स्वप्नातल्या देशात बायका कारभार पाहतात, उन्हाच्या शक्तीवर स्वयंपाक होतो, ढगांतले पाणी हवे तेव्हा उतरवून घेतात, हवेतून वाहने चालतात आणि पुरुष मंडळी पडद्याआड मुले सांभाळीत बसतात. पडद्यात वाढलेल्या एका मुसलमान बाईने ही गोष्ट लिहिली, तेव्हा आपल्याकडे मुलींच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. भाऊबीजेला जमलेल्या लेकीसुनांना ही गोष्ट अवश्य सांगावी. पुरुषांनाही सांगावी, फराळाची ताटे उचलताना त्यांना तिचा उपयोग होईल.

मराठी विज्ञानकथेचा दुसरा मोठा टप्पा १९७४ चा. मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा ठेवली होती. नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा अनोळखी लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! नावाच्या आद्याक्षरांची उलटापालट करून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा लिहवून घेतली होती. पुढे त्यांनी ‘यक्षांची देणगी’ दिली, कादंबऱ्या दिल्या. त्यांतल्या एका कादंबरीचे नाव ‘प्रेषित’. परग्रहाशी नाते सांगणाऱ्या ह्या कादंबरीला त्यांनी दिलेले नाव पाहा. प्रेषित म्हणजे धाडलेला. मराठी वर्तमानपत्रे महंमद पैगंबरांचा उल्लेख ह्याच शब्दाने करतात. दूरच्या कोणीतरी आपल्याकडे कोणाला तरी निरोप देऊन धाडले आहे, ही कल्पना माणसाला किती आदिकाळापासून खुणावीत आली आहे, हे त्या एका शब्दावरून कळावे. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा माझ्यासारख्या पुष्कळांना घरातले कोणी गेल्यासारखे झाले.

ह्या दोन वाङ्मयांना बांधणारी दोरी शोधू लागलो, तर ती सूफींच्याच शब्दकोशात सापडते. फारसी कवी अत्तार याने पक्ष्यांच्या सफरीच्या काव्यात साधकाच्या वाटेवर सात दऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतली सहावी दरी हैरतची. हैरत म्हणजे विस्मय, थक्क होऊन गोंधळणे. औरंगाबादचा अठराव्या शतकातील सूफी कवी सिराज, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गझलेचा विषयही हाच. ह्या दरीत उतरलेल्याला आपण कोण, कोठे आहोत, ह्याचे भान राहत नाही. विज्ञानकादंबरी वाचणाराही क्षणभर ह्याच दरीत उतरतो. मात्र पुढे वाट फुटते. सूफी प्रश्न सोडून देतो आणि सातव्या दरीकडे, स्वतःला विसरण्याकडे, वळतो. विज्ञानकथेचा वाचक वही-पेन्सिल शोधू लागतो. एकाच माणसात दोन्ही वृत्ती राहू शकतात काय? मला वाटते, राहू शकतात. आणि ज्या माणसात दोन्ही असतात त्याच्याशी बोलण्यात फार मौज येते.

निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हे असे एक बहुश्रुत गृहस्थ होऊन गेले. १९१० साली आजच्या लातूर जिल्ह्यात जन्मलेला हा मराठी माणूस हैदराबाद संस्थानात अधिकारी होता. फारसी, उर्दू, तेलुगू ह्यांच्या जोडीला गोंडी आणि कोलामी ह्या वनवासींच्या भाषाही तो शिकला. शिवकालाचा इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण त्यांनी सूफी संप्रदायावर ग्रंथ लिहिला आणि गालिबच्या गझला मराठी वाचकापुढे उलगडून ठेवल्या, हे लातूर-नांदेडच्या किती मुलांना ठाऊक असेल?

हे संस्थान कसे होते, हेही विसरून चालणार नाही. ह्याच राज्यात १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्यासाठी शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर करणारे खाते उघडले गेले. ह्याच हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी विलायतेहून दुर्बीण आणविली. त्यांच्या पश्चात १९०८ साली ती वेधशाळा सरकारने चालवावयास घेतली आणि जगातील वेधशाळांनी मिळून चालविलेल्या आकाशाच्या नकाशात तिने आपला वाटा उचलला. पण ह्याच राज्यात मराठी मुलाला मातृभाषेत उच्च शिक्षण मिळत नव्हते. ह्याच राज्यात रझाकारांनी गावे जाळली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, त्या सुमारास निरपराध मुसलमानांनाही फार सोसावे लागले. दोन्ही दुःखे खरी आहेत. त्या आगीत माणसांबरोबर एक सवयही होरपळली. एकमेकांची पुस्तके मागून वाचण्याची. शाळांचे माध्यम मराठी झाले, हे योग्यच झाले. परंतु उर्दू लिपी हळूहळू एकाच समाजाची झाली आणि पुढच्या दोन पिढ्यांनी शेजाऱ्याच्या फडताळाकडे पाहणे सोडून दिले.

ह्याचा एक विचित्र प्रत्यय २०२३ साली आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्याच्या कचेऱ्यांतून निजामकाळची दप्तरे बाहेर निघाली. कागद उर्दूत, नाहीतर मोडीत. वाचणार कोण? मग जाणत्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीला आम्ही परकी समजून बसलो होतो, तीतच आमच्या पणजोबांची जात, जमीन नि गाव लिहिलेले होते. दाखल्यासाठी आम्हाला उर्दू वाचणारा हवा झाला. ठीक आहे. पण त्याच लिपीत वली आहे, सिराज आहे, मेराजनामे आहेत, ‘साइन्स’ चे अंक आहेत. ते वाचून दाखविणारा कोणी शोधील काय?

मला निराशेचा सूर लावावयाचा नाही. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका विज्ञानकथाकाराला मिळाले आणि पुढचे, ९५ वे संमेलन एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला भरले. विज्ञानकथा माजघरात आली आहे. भक्तिकाव्यालाही दार उघडे आहे. फक्त बोलावणे गेले पाहिजे. त्याला फार काही लागत नाही. घरातल्या मुलाला नारळीकर द्या आणि शेजारच्या नानीला जात्यावरचे गाणे आठवते का, ते विचारा. आठवले, तर मुलाला ते लिहून घ्यायला सांगा, देवनागरीत का होईना. वाचनालयात शेख महंमद नि व्हर्न एकाच कपाटात ठेवले, तर ग्रंथपाल रागावणार नाहीत. रागावले, तर त्यांना अब्दुल हक यांची गोष्ट सांगा.

आणि शेवटी पंचांगातली एक गोष्ट. लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची. आकाशात चंद्र नसतो, म्हणून पणत्या नि तारे दोन्ही ठळक दिसतात. मग पाडवा-भाऊबिजेच्या सुमारास, दिवस मावळल्यावर, पश्चिमेला नखाएवढी कोर दिसते. बहीण भावाला ओवाळण्याआधी तीच कोर ओवाळते. त्याच संध्याकाळी, त्याच कोरीकडे पाहून मुसलमान शेजारी नव्या महिन्याची पहिली तारीख मोजतो. व्हर्नच्या तोफेचा गोळा तिच्याकडेच निघाला होता, मेराजची वाट तिच्यापलीकडून गेली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान तिच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले. ह्या भाऊबिजेला मुलांना गच्चीवर न्या. कोर फार वेळ राहत नाही, तासाभरात मावळते. तेवढ्या वेळात एक तरी गोष्ट सांगून होईल.